स्टाइनारची नवरी

गुनवोर हेग्लँड अंडी विकत घ्यायची ती एकेक कानाशी हलवून. नॉर्वेतल्या बर्गनच्या मासळीबाजारात ती येताना दिसली की विक्रेते आपण होऊनच माशांचे कल्ले उघडून दाखवायचे, उगाच सकाळी सकाळी वाद नको म्हणून. नवरा हालवार्ड बस चालवायचा, अगदी देवमाणूस. पण तो ‘पाऊस थांबलाय’ म्हणाला तरी ही खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. हा शंकेखोरपणा तिच्या अंगी जन्मापासून नव्हता. तो तिला समुद्रावर जडला, आणि कुणामुळे जडला ते आमच्या सागरी संशोधन संस्थेत झाडलोट करणाऱ्यापासून संचालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

संस्थेत ती १९७२ साली लागली. वय बावीस. फेडये बेटावरची, हेरिंग माशांच्या पिंपांच्या वासात वाढलेली मुलगी. पदवी वगैरे काही नव्हती, पण नजर अशी की शास्त्रज्ञांनी हेवा करावा. तिचं काम माशांची वयं वाचण्याचं. कॉड माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, पावट्याएवढा एक पांढरा खडा असतो. तो मधोमध मोडला की आत वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. काही माशांच्या खवल्यांवरही तशीच वर्तुळं असतात. लोक पेपर वाचतात तशी गुनवोर खडे आणि खवले वाचायची.

त्याच उन्हाळ्यात तिला ‘हावडिस’ जहाजावरून उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात पाठवलं. जाळं वर आलं की मासे खालच्या खोलीत एका फिरत्या पट्ट्यावर ओतले जात. पट्ट्याशी उभं राहायचं, मासा ओळखायचा, मोजायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि पुढचा उचलायचा. नको असेल ते पट्ट्याच्या टोकाला भिंतीतल्या चौकोनी भोकातून थेट समुद्रात. बाहेर पक्षी वाटच बघत असायचे.

तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर एक अजब मासा आला. डोकं हॅडॉक माशाचं, अंग तांबडं, काटेरी. गुनवोरने तो मोजला, तोलला, डोक्यातला खडा काढून वय वाचलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव माहीत नाही, लिंग नर, वय पाच. ते पान बाकीच्या पानांबरोबर बर्गनला गेलं. सोमवारच्या कॉफीला संचालकांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मासा दोन माशांचा होता, मधे शिवलेला. शिवण इतकी बारीक की शिंप्याने लाजावं.

शिवणारा होता स्टाइनार मेल्बू. लोफोटेनचा, एकेचाळीस वर्षांचा, अविवाहित, कॉडमधला मोठा तज्ज्ञ. आई शिवणकाम करायची, तिच्याकडून हात आलेला. खोडी उघडकीला आल्यावर तो गुनवोरच्या टेबलाशी एक गरम वॅफल घेऊन आला.

“रागावलीस?”

“नाही.”

“मग खा की.”

“आत काय घातलंय ते कळल्याशिवाय खाणार नाही.”

त्याने वॅफल मधोमध मोडला, अर्धा स्वतः खाल्ला. “बघ. जिवंत आहे.”

“दहा मिनिटं थांबते,” गुनवोर म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत खरोखरच थांबली. तो तिच्यासमोर दहा मिनिटं बसून राहिला. तिथून त्यांची मैत्री झाली.

शास्त्रज्ञ मंडळी फार गंभीर असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तीन आठवडे बॅरेंट्स समुद्रात काढावेत. दिवसातून चार वेळा जाळं, चार वेळा तेच मासे, तीच नावं, हात बधिर, कंबर मोडलेली. हसलं नाही तर माणूस शेजारच्याला उचलून पाण्यात टाकेल. ‘हावडिस’वर हसवण्याचं खातं स्टाइनारकडे होतं. दर सफरीला तो एक खोटा प्राणी बनवून गुपचूप पट्ट्यावर सोडायचा. रबरी हातमोज्याचा ऑक्टोपस, त्याला बाहुलीचे डोळे. एका कॉडच्या तोंडात स्वयंपाकिणीच्या आजोबांची कवळी. पिवळी विणलेली टोपी घातलेला हॅलिबट मासा; तो तर टोपीमुळे जरा रुबाबदारच दिसत होता. गुनवोर पुन्हा फसली नाही. हातसुद्धा लावायची नाही. सुरीचं टोक दाखवून म्हणायची, “स्टाइनार, तुझं लेकरू आलंय. घेऊन जा.” मग जाळ्याचं काम बघणारा खलाशी तोरलाइफ खोलीच्या दारावर खडूने एक रेघ ओढायचा. पंचवीस सफरींत चोवीस रेघा झाल्या. दार रंगवताना रंगाऱ्याने तेवढी जागा सोडली होती.

तिने स्वतः मात्र कधी कुणाची खोडी काढली नाही. ते तिला जमतच नसे. साधी थाप मारायची म्हटलं तरी मानेपर्यंत लाल व्हायची.

आता नवरीबद्दल सांगायला हवं. १९७४च्या उन्हाळ्यात गुनवोर घरी होती, थोरली मुलगी नुकतीच झालेली. त्या सफरीत ब्योर्नोया बेटाच्या पश्चिमेला, जिथे समुद्राचा तळ एकदम खाली घसरतो, तिथे सातशे मीटरवरून स्टाइनारला एक मासा मिळाला. दीड वीत लांब, पाटीसारखा काळपट, मानेमागे पिवळाधमक पट्टा, शेपटी रंगाऱ्याच्या ब्रशसारखी पसरट. कुठल्याही पुस्तकात नसलेला. त्याने मासा मोजला, चित्र काढलं आणि बरणीत घालून टेबलावर ठेवला. संध्याकाळी जहाज कलंडलं, बरणी फुटली, आणि त्या वेळच्या स्वयंपाक्याने काचांबरोबर मासाही झाडून समुद्रात टाकला. स्टाइनारने चित्रासह लेख लिहिला. परदेशातल्या नियतकालिकाने नमुना मागितला. संचालकांनी पाठीवर थाप मारून विचारलं, “झकास जमलाय रे! या वेळी कशाचा बनवलास?”

स्टाइनारही हसला. दुसरं करणार काय? त्याचीच करणी त्याच्या आड आली होती. मग कुणीतरी म्हणालं की एकदाच दिसली, परत आली नाही, याच्याशिवाय कुणी पाहिली नाही, म्हणजे ही याची नवरीच. तेच नाव पडलं. तरी दर वर्षी तो कप्तानाकडे त्या जागेवर एक जादा जाळं मागायचा, आणि कप्तान कुणीही असो, ते मिळायचं. “नवरी बघायला चाललो,” म्हणत तो पट्ट्याशी उभा राहायचा, आणि शेवटचा मासा गेला की हात पुसून वर जायचा. एक नमुना, एवढंच त्याला हवं होतं.

गुनवोरने त्याला एकदाच विचारलं होतं. दोघंच होते, बर्गनच्या प्रयोगशाळेत.

“खरं सांग. होता तो मासा?”

“होता,” तो म्हणाला. हसला नाही, डोळे मिचकावले नाहीत.

ज्या बाईचा अंड्यावर विश्वास नव्हता तिने या एका शब्दावर विश्वास ठेवला. कुणी नवरीवरून टिंगल केली की ती उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची. स्टाइनारने नाना सोंगं शिवली, पण नवरी कधी शिवली नाही, ही गोष्ट तिने मनात नोंदवून ठेवली होती. तिच्या दृष्टीने तो पुरावा होता.

१९९८च्या सप्टेंबरात स्टाइनार सदुसष्ट पुरे करून निवृत्त होणार होता. जूनची सफर ही त्याची शेवटची. पहिल्या दिवसापासूनच गुनवोरला काहीतरी शिजतंय असा वास आला.

स्टाइनार पट्ट्याशी रेंगाळेना. काम झालं की केबिनमध्ये, आणि केबिनला आतून कडी! ‘हावडिस’वर कुणी दार लावत नाही, लावलं तर माणूस आजारी आहे असं समजून सूप पाठवतात. चौथ्या दिवशी ती मेसमध्ये शिरली तेव्हा स्टाइनार, तोरलाइफ आणि स्वयंपाकीण बोर्गहिल्ड डोकी एकत्र करून बसले होते, ते एकदम हवामानावर बोलायला लागले. हवामान तर समोर खिडकीत दिसत होतं.

तिने बोर्गहिल्डला एकटीला गाठलं.

“स्टाइनारने तुझ्याकडे काय मागितलं?”

“कोण स्टाइनार?”

“जहाजावर किती स्टाइनार आहेत गं?”

“मीठ मागितलं असेल.”

“मीठ? केबिनमध्ये? कडी लावून?”

“म्हातारा माणूस, खात असेल मीठ बसल्या बसल्या. मला कशाला विचारतेस? माझा रस्सा उतू चाललाय!”

शेगडी चालूच नव्हती.

मग तोरलाइफ. एरवी हा माणूस जाळ्याशिवाय कशाशी बोलत नाही, आणि आता गुनवोर दिसली की शिट्टी वाजवायला लागायचा.

“शिट्टी का वाजवतोस?”

“जाळ्याला आवडते.”

“सव्वीस वर्षांत कधी आवडली नव्हती ती?”

“त्याचंही वय झालं आता,” तोरलाइफ म्हणाला आणि दुसऱ्या बाजूला निघून गेला.

बाराव्या दिवशी न्याहारीला स्टाइनार तिच्यासमोर बसून पावावर ब्राऊन चीज कापत होता. त्याच्या स्वेटरच्या बाहीला एक धागा चिकटलेला तिला दिसला. तिने तो दोन बोटांनी उचलला.

“हे काय?”

“धागा.”

“पिवळा?”

“धाग्याला काहीतरी रंग असणारच की, गुनवोर.” तो हसला, आणि लगेच त्याला खोकला आला.

तिने धागा बशीच्या कडेला ठेवला. पिवळा! मानेमागचा पिवळाधमक पट्टा. शेवटची सफर, सगळे सामील, आणि पिवळा धागा. म्हणजे या वेळी तो नवरी शिवत होता.

सुरुवातीला तिला नुसतं वाईट वाटलं. मग केबिनमध्ये पडल्या पडल्या तिच्या डोक्यात पुढचा विचार आला आणि तो काही केल्या हलेना. जो मासा खरोखर होता, त्याचं सोंग हा माणूस करेल कशाला? ज्याच्यासाठी चोवीस वर्षं जाळी टाकली, त्याची शेवटच्या दिवशी थट्टा? मग तो मासा कधी नव्हताच. तीही एक लांबवलेली खोडी. सगळं जहाज हसणार आणि तो म्हणणार, बघ गुनवोर, तुला चोवीस वर्षं फसवत होतो. तो ‘होता’ हा शब्दसुद्धा शिवलेलाच होता तर.

त्यानंतरचे दिवस तिने पहारेकऱ्यासारखे काढले. प्रत्येक मासा उलटा करून बघायची. कामाचा वेग निम्म्यावर आला तेव्हा कप्तानाने विचारलं, “बरं वाटत नाही का?” तर त्याच्याकडेही तिने संशयानेच पाहिलं.

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर जहाज ब्योर्नोयाच्या पश्चिमेला त्या घसरणीवर आलं. स्टाइनारचं जादा जाळं. तो धुतलेला स्वेटर घालून, केस ओले करून विंचरून आला. “नवरी बघायला असं जावं लागतं,” म्हणाला. गुनवोरने मान वर केली नाही.

जाळं मोठं आलं होतं. पट्टा सुरू झाला. तांबडे मासे, हॅलिबट, पुन्हा तांबडे. स्टाइनार वाकून एकेक बघत होता. किती छान सोंग करतो, तिच्या मनात आलं. निम्मे मासे गेले असतील तेवढ्यात दारात बोर्गहिल्ड आली.

“स्टाइनार, जरा वर ये.”

“आत्ता नको.”

“आत्ताच ये. ते... तुझं ते,” आणि तिने डोळा मारला. तिला एक डोळा मिटता येत नाही, ती दोन्ही मिटते.

स्टाइनारने पट्ट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “दोन मिनिटांत येतो. काही दिसलं तर हाक मार हं!”

“मारते की,” गुनवोर म्हणाली. म्हणजे आता येणार. करणारा जागेवर नको म्हणून वर गेला. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

आणि आलाच. दोन जाड तांबड्या माशांच्या खालून तो पट्ट्यावर सरकत आला. दीड वीत लांब. काळपट. मानेमागे पिवळा पट्टा. शेपटी पसरट. तोरलाइफ पाठमोरा उभा राहून नळीने फरशी धूत होता, नेमका आत्ताच.

गुनवोर क्षणभर बघत राहिली. काम अप्रतिम होतं. अंगावरचा बुळबुळीतपणा, खोल पाण्यातल्या माशासारखे बाहेर आलेले डोळे, सगळं. आजवरच्या चोवीसांपेक्षा सरस. आता तिने ‘तुझं लेकरू आलंय’ म्हटलं की दार उघडणार, सगळे आत येणार, आणि ते हसणं होणार. ते तिला ऐकायचं नव्हतं. तिने मासा शेपटीला धरून उचलला आणि कुणाला न सांगता भिंतीतल्या भोकातून टाकला. बाहेर पक्ष्यांचा गलका झाला, थोड्या वेळाने थांबला. ती पुढचा हॅलिबट मोजायला लागली.

स्टाइनार धापा टाकत आला. “काय आलं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“तांबडे आणि हॅलिबट.”

तो शेवटच्या माशापर्यंत उभा राहिला. पट्टा रिकामा फिरत होता, तरी बघत राहिला. मग म्हणाला, “बरं. झालं तर मग.” टॉवेलला हात पुसले आणि तिथेच उलट्या टोपलीवर बसला. गुनवोरच्या मनात आलं, नट व्हायला हवा होता हा. खोडी फसली आणि चेहऱ्यावर रेघ नाही.

शनिवारी संध्याकाळी भाताची लापशी, वर लोणी, साखर, दालचिनी. जेवण झालं आणि बोर्गहिल्डने दिव्यांचं बटण दोनदा बंद-चालू केलं. स्टाइनार उभा राहिला. त्याच्या हातात एक पुडकं होतं. ते त्याने गुनवोरसमोर ठेवलं.

तिने आधी ते हलवून पाहिलं. सगळे हसले. आत जाड कापडाचा एप्रन होता, कामाच्या वेळी घालतात तसा, आणि त्यावर ओळीने धाग्याने भरलेली चित्रं. हॅडॉकच्या डोक्याचा तांबडा मासा, खाली अक्षरं: नर, वय पाच. हातमोज्याचा ऑक्टोपस. कवळी घातलेला कॉड. पिवळ्या धाग्याची टोपी घातलेला हॅलिबट. पंचवीसच्या पंचवीस.

“माझ्या पराभवांची यादी,” स्टाइनार म्हणाला. “पहिला विजय सोडला तर. घालून मिरव.”

टाळ्या वाजल्या. बोर्गहिल्ड म्हणाली, “दुपारी पुडक्याची गाठ मारताना बोट धरायला हवं होतं ना, म्हणून याला वर बोलावलं. आणि ही बया पंधरा दिवस माझी उलटतपासणी घेतेय! मीठ म्हणे!”

गुनवोरला ऐकू येत होतं, पण फार लांबून. “आणि यंदाचा?” तिने विचारलं.

“यंदाचा कुठला?”

“स्टाइनार. यंदाचा कुठला बनवलास तू?”

“अगं, हे भरता भरता बोटांची चाळण झाली माझ्या. डोळ्यांना सुई दिसत नाही. यंदा तुला सुट्टी.” त्याने बोटं पुढे केली. सुईने टोचलेली, लाल.

तिने टेबलावरचे चेहरे एकेक करून बघितले. लपवणारा चेहरा तिला लगेच ओळखू यायचा. कुणीही काही लपवत नव्हतं.

ती उठली, खालच्या खोलीत गेली. तिचे रबरी हातमोजे खुंटीला टांगलेले होते. उजव्याच्या कडेला, आतल्या घडीत, एक खवला चिकटलेला होता. काळपट, एका टोकाला किंचित पिवळा. तिने तो चिमट्याने काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. वर्तुळं होती. दाट, सारखी, हिवाळ्यात जवळजवळ, उन्हाळ्यात लांब. तिने मोजली. पुन्हा मोजली. एकोणीस. एकोणीस हिवाळे समुद्राच्या तळाशी काढल्याशिवाय असा खवला बनत नाही. सुईदोऱ्याचं हे काम नव्हे.

ती कप्तानाकडे गेली. “परत फिरता येईल?”

“कुठे?”

“घसरणीवर. एक जाळं.”

“सहा तास मागे राहिली ती. उद्या दुपारी ट्रॉम्सोला लागायचंय. काय राहिलंय तिथे?”

ती आपल्या केबिनमध्ये परत आली.

न सांगणं सोपं होतं. पाहिलं कुणी नव्हतं. खवला खिडकीतून फुंकला असता तर संपलं असतं, आणि तो म्हातारा नेहमीसारखा हात पुसून घरी गेला असता. पण तिने त्याला ‘काही नाही’ म्हटलं होतं, आणि तो तिचा शब्द खरा मानून त्या टोपलीवर बसला होता. ते तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

सकाळी न्याहारीनंतर तो मागच्या डेकवर कॉफी घेऊन उभा होता. ती दोन काचांमध्ये ठेवलेला खवला घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. पिवळा धागा, केबिनमधला विचार, शेपटीला धरून टाकलेला मासा, एकोणीस वर्तुळं. एक अक्षर गाळलं नाही. सांगून झालं तेव्हा तिचं नाक वाहत होतं.

स्टाइनारने चष्मा कपाळावर सारला, काच उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. त्याची कॉफी कठड्यावर थंड झाली. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आधी आवाज न करता आणि मग मोठ्याने.

“तांबड्या माशाचा खवला! काळ्या कॉफीत बुडवलास ना?”

“नाही रे!”

“आणि टोकाला पिवळं कशाने केलंस? माझ्याच धाग्याचा रंग काढलास?”

“स्टाइनार, मी खरं सांगतेय. हातात होता माझ्या!”

“वा! रडतेयससुद्धा! अरे तोरलाइफ, बोर्गहिल्ड, इकडे या! गुनवोरने मला फसवायचा बेत केला!”

ते धावत आले. त्याने सगळी गोष्ट रंगवून सांगितली. तोरलाइफ पोट धरून हसला. बोर्गहिल्डने तिला मिठी मारली, म्हणाली, “शेवटी तुलाही जमलं गं बाई!” गुनवोर म्हणत राहिली की खोटं नाही, आणि ती जितकी म्हणे तितके ते हसत. स्टाइनारचे डोळे पाण्याने भरले होते. तो इतका खुशीत तिला कधी दिसला नव्हता.

“कबूल कर आता,” तो म्हणाला. “किती वेळ बुडवलास?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. आणखी एकदा ‘खरं आहे’ म्हटलं आणि त्याला ते पटलं, तर काय होईल? चोवीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो मासा हातात आला होता आणि मैत्रिणीने पक्ष्यांना घातला, हे घेऊन तो ट्रॉम्सोला उतरणार. त्यापेक्षा हे हसणं बरं.

“दोन तास,” ती म्हणाली. मानेपर्यंत लाल झाली, पण रडल्यामुळे ती आधीच लाल होती.

“हा मी ठेवतो,” म्हणून त्याने काच खिशात घातली. “पुरावा. नाहीतर घरी कोण विश्वास ठेवणार?”

दुपारी जहाज धक्क्याला लागलं तेव्हा ती त्याची बॅग उचलायला त्याच्या केबिनशी गेली. दार अर्धवट उघडं होतं. तो टेबलाशी पाठमोरा बसला होता. समोर खवले ठेवायचं तपकिरी पाकीट होतं, संस्थेचं, छापील रकान्यांचं. खरे नमुने ठेवतात त्यातलं. तो पेन्सिलीने एकेक अक्षर नीट लिहीत होता. जागा: ब्योर्नोयाच्या पश्चिमेला. खोली: सातशे दहा मीटर. तारीख कालची. वय: एकोणीस. माशाच्या नावाचा रकाना त्याने रिकामा सोडला. खाली ‘कुणाला मिळाला’ तिथे लिहिलं: गुनवोर हेग्लँड.

मग त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि पाकिटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. आता तो हसत नव्हता. गुनवोरला सगळं समजलं. त्याने पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. कॉडची वयं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता, कॉफीत बुडवलेला खवला त्याला कळणार नाही होय? सकाळचं ते हसणं तिच्यासाठी होतं, आणि तिचे दोन तास त्याच्यासाठी.

ती चार पावलं मागे गेली, पाय आपटत परत आली आणि दार जोरात वाजवलं. “आटप लवकर! शिडी लावली!”

“आलो, आलो!” आतून ड्रॉवर बंद केल्याचा आवाज आला.

धक्क्यावर संस्थेची माणसं न्यायला आली होती. स्टाइनार शिडी उतरता उतरताच त्यांना सांगायला लागला की गुनवोरने काय केलं, खवला कसा, कॉफी कशी, ही रडली कशी. अर्ध्यावर थांबून त्याने मागे वळून पाहिलं.

“किती वेळ म्हणालीस गं?”

त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवरून चटकन बाजूला झाले. तिला ते दिसलं, आणि तिला दिसलं हे त्यालाही कळलं असावं.

“दोन तास,” गुनवोर म्हणाली. “साखर न घालता.”

सगळे हसले. तिने त्याची बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या मागोमाग खाली उतरली.